अकरावीत ढोल की पाचवा एपी?

एडिसनचा_बाबा: मुलगी सप्टेंबरमध्ये अकरावीत, म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या, ज्युनिअर इयरला जाईल. शाळेतून कोर्सेसचा फॉर्म आलाय. मी म्हणतो पाच एपी (कॉलेजच्या तोडीचे कोर्स) घे, ऑक्टोबरात पीएसएटी (एसएटीची छोटी बहीण), नॅशनल मेरिट स्कॉलरशिपला अकरावीचाच स्कोअर धरतात, डिसेंबरपर्यंत एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, उरकून टाक, मे महिन्यात एपीच्या परीक्षा आहेतच, आणि ढोलपथक एक वर्ष बंद. तीन दिवस घरात अबोला आहे. माझं काय चुकलं?

चिंगीची_आई: अहो भाऊ, माझ्या मोठीने पाच घेतले होते, फेब्रुवारीत रात्री दोनला रडत बसायची आणि केमिस्ट्रीत सी ग्रेड. कॉलेजचे अर्ज बारावीच्या नोव्हेंबरात जातात, तेव्हा शेवटचं पूर्ण वर्ष दिसतं ते अकरावीचंच. तीन घेऊ द्या, नीट करू द्या.

सॅनहोजेकर: अजिबात पटलं नाही. आमच्याकडे यूसीवाले (कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं) एसएटी बघतच नाहीत, जीपीए (ग्रेडची सरासरी) मोजतात तो दहावी-अकरावीचा, आणि एपीला एक पॉइंट जादा. मग कठीण कोर्स नकोत?

चिंगीची_आई: जादा पॉइंट आठच सेमिस्टरना मिळतो हो! दहावीत दोन एपी झाले असतील तर अकरावीत दोनात संपला की कोटा.

सॅनहोजेकर: कोटा संपला तरी किती कठीण घेतलंय ते वाचतातच ना. आणि एसएटी सगळीकडे ऐच्छिक समजू नका, एमआयटीने 2022 मध्ये परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्डने पण.

ताशावाला: काका, मी आता कॉलेजात आहे. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जात, ॲक्टिव्हिटीच्या दहा ओळी असतात, त्यात चार वर्षं टिकलेलं एक काहीतरी लागतं, अकरावीत सोडलेलं ढोल तिथे तुटकं दिसतं. शिवाय रेकमेंडेशन बहुतेक अकरावीच्या सरांकडूनच घेतात, वर्गात पेंगणाऱ्या पोरीबद्दल ते काय लिहिणार, डोंबल?

हिशोबी_मामा: पोरीचं राहू द्या, स्वतःचं बघा. एफएएफएसएला, म्हणजे कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाला, दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं उत्पन्न धरतात, म्हणजे तुमचं ते वर्ष सुरू झालंय. यंदा शेअर-बिअर विकू नका, नफा उत्पन्नात धरला जाईल.

एडिसनचा_बाबा: मामा, गेल्याच महिन्यात विकले हो 😭 बरं, चार एपीवर तोडगा निघालाय, पाचवा कुठला सोडायचा ते तीच ठरवणार, ढोल चालू. मुलगी बोलायला लागली. आता बायकोचा अबोला आहे, शेअरवरून.