अनुभव धागा: मळवलीला उतरायचं आणि चालायला लागायचं (लोकल आणि एसटीने केलेलं मावळ)

गायमुख

गेल्या रविवारी लोहगडाच्या घाटात दीड तास गाडीत बसून होतो. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधूनमधून कणसंवाले. मागच्या सीटवर लेक कंटाळून आडवा झालेला. खाली, एक्सप्रेस वेच्या पलीकडे, पुणे-लोणावळा लोकल मळवली स्टेशनात शिरताना दिसली. काडेपेटीएवढी. मी सहज म्हणालो, "आम्ही त्या गाडीने यायचो." तो उठून म्हणाला, "मग आज का नाही आलो?"

काय सांगणार!

1993 असेल, मी नववीत. काकाबरोबर शिवाजीनगरहून पहाटेची लोकल. तेव्हा एक्सप्रेस वे नव्हता. स्टेशनातून बाहेर पडलं की भातखाचरं, बांधावरून वाट, आणि समोर लोहगड-विसापूर ढगात अर्धे बुडालेले. भाज्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहात काकाने मान वर करायला लावली. छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या आहेत ना, त्या. "दोन हजार वर्षांचं लाकूड आहे बाळ हे." माझं सगळं लक्ष त्याच्या पिशवीतल्या पोळीच्या लाडवांवर.

वर विंचूकाट्यावर (लोहगडाची लांब निमुळती सोंड) गेलो तर धुकं. स्वतःचे बूट दिसत नव्हते. तासभर थांबून खाली उतरलो, धावतपळत स्टेशनात आलो, लोकल डोळ्यांसमोरून गेली. दुपारी तेव्हाही पुढची गाडी लवकर नसायची. त्या बाकावर काकाने मला मेंढीकोट शिकवला. गड विसरलो असेन, मेंढीकोट नाही विसरलो.

लोहगड 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, आनंदच आहे. पण त्या रांगेत बसून वाटलं, पायथ्यापर्यंत रेल्वे असलेला गड आपण गाडीने का करतोय?

तुमचे अनुभव लिहा. मावळ, इंद्रायणीचं खोरं, पवनेचं खोरं, पलीकडे उल्हासचं चालेल. अट एकच, स्वतःची गाडी नको.

डब्यातली_चटणी

पोळीचे लाडू!!! गूळ जास्त की तूप जास्त?

गायमुख

गूळ. काका ब्रह्मचारी होता, तुपाचा हिशोब ठेवायचा.

रात्रपाळी

आम्ही मुंबईवाले. शनिवारी रात्री शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडायची, लोणावळ्याला दोन-अडीचला उतरायचं. फलाटावर वर्तमानपत्र अंथरून तासभर झोप, मग तुंगार्लीच्या धरणावरून राजमाचीची वाट. पंधराएक किलोमीटर, बरीचशी सपाट, म्हणून चालताना झोप लागते. अतिशयोक्ती नाही, आमचा एक मित्र चालता चालता झोपून करवंदीत गेला होता.

उधेवाडीत पोचेपर्यंत उजाडायचं. चहा, मग राजमाचीचे दोन बालेकिल्ले, आधी श्रीवर्धन, मग मनरंजन, आणि परत त्या वाटेने यायचा कंटाळा म्हणून कोंढाण्याच्या लेण्यांवरून खाली कोंदिवडे. तिथून मिळेल त्याने कर्जत. म्हणजे एका गाडीने घाटावर चढलो, दुसऱ्या गाडीने घाटाखालून घरी. हे गाडीवाल्यांना जमत नाही. त्यांना गाडी ठेवली तिथे परत यावंच लागतं.

सुमन_काकू

@रात्रपाळी करवंदीतला मित्र कसा आहे?

रात्रपाळी

@सुमन_काकू दोन मुलांचा बाप आहे. अजून मीटिंगमध्ये झोपतो.

कान्हे_फाट्याजवळचा

तुमचं सगळं वाचून गंमत वाटली. आता आमचंबी ऐका.

मी याच लाइनवर कॉलेज केलं. रविवारी ज्यादा तास असला की आमच्या पोटात गोळा. तुम्ही लोक पाठीवर घरदार बांधून दारात उभे, सॅक काही खाली उतरवायची नाही. वळलात की आमच्या तोंडावर. गाण्याच्या भेंड्या पिंपरीपासून सुरू. दुधाच्या किटल्या घेऊन चढणारे मामा बिचारे "सरका की जरा" म्हणून दमायचे.

आणि भातखाचराच्या बांधावरून चालता ना, तो बांध आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसात ओला असतो. दहा जण गेले की खचतो. मग आमचा आजा दिवसभर चिखल लिंपत बसायचा.

राग नाही. सांगितलं. या, पण सॅक खाली ठेवा.

गायमुख

@कान्हे_फाट्याजवळचा मनापासून माफी. बांधावरून आम्हीही गेलोय. त्या वयात डोक्यात आलंच नाही.

कान्हे_फाट्याजवळचा

अहो माफी कसली. तांदूळ लागला तर सांगा, घरचा इंद्रायणी आहे 😄

डब्यातली_चटणी

लागला!! दहा किलो. इंद्रायणी वाण मूळचा वडगावच्या भात संशोधन केंद्रातला ना? कुणीतरी सांगितलं होतं.

कान्हे_फाट्याजवळचा

बरोबर, आमच्या वडगाव मावळचाच. मेसेज करतो.

शिलालेख_वेडी

धागा तांदळावर जायच्या आत लिहून घेते.

लेणी बघायची असतील तर उन्हाची दिशा बघून लोकल पकडा. बेडसे पूर्वेकडे तोंड करून आहे, तिथे सकाळीच जायला हवं. कामशेतला उतरून पवनानगरकडे जाणाऱ्या एसटीने किंवा जीपने फाट्यावर उतरायचं, गावातून पायऱ्या. त्या दोन उंच खांबांवर घोडे-हत्तींवर बसलेली जोडपी आहेत, कोवळं ऊन त्यांच्या चेहऱ्यावर येतं. मी गेले तेव्हा तिथे मी, पहारेकरी आणि एक शेळी. बस्स.

कार्ले आणि भाजे पश्चिमेला उघडतात, तिथे दुपार उतरताना जा. कार्ल्याच्या चैत्यात वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठचा लेख आहे, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असं तो बिनदिक्कत कोरून मोकळा झालाय. आजचा बिल्डर परवडला.

सोपारा-कल्याणच्या बंदरांतून बोरघाट चढून वर आलेल्या मालाचा हाच रस्ता. म्हणून तर ही तिन्ही लेणी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पुढे 1858 ला खंडाळा-पुणे रेल्वे आली, 1863 ला बोरघाटातला चढ खुला झाला, तीही याच दरीतून. लोकलच्या खिडकीत बसलं की मला नेहमी वाटतं, बैलांच्या तांड्यात आपण जरा उशिरा आलोय.

एक_वीट_दोन_पाय

कार्ले म्हटलं की आम्हाला लेणी नंतर, आधी आई एकवीरा. आम्ही कोळी. चैत्रात पालखीला आजी यायची, पंचाहत्तरीतही. लोणावळ्याला उतरून पुण्याच्या लोकलने मळवली, तिथून चालत. कुणी रिक्षा म्हटलं की "देवीकडं चाकावर जात्यात व्हय" म्हणून ओरडायची. पायऱ्यांवर मात्र दर वीस पायऱ्यांना बसायची आणि बसल्या बसल्या सगळ्यांना कामं सांगायची.

आजी गेली त्याला अकरा वर्षं झाली. मी आता रिक्षाने जातो. दर वेळी रिक्षात बसताना मान खाली जाते.

सुमन_काकू

🙏 आजींना नमस्कार. माझी सासूही अशीच होती.

भिजलेला_बूट

विसापूर, जुलै, पाण्याच्या पायऱ्या. बाकी काय लिहू. वरून धबधबा पायऱ्यांवरून येतो आणि आपण त्यातूनच चढतो. वर पोचलो तेव्हा बुटात बेडूक होता (छोटा). येताना लोकलमध्ये आमच्याखाली तळं झालं, एका आजोबांनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि पुण्यापर्यंत तशीच ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तट_बुरूज

विसापूरला लोक पिकनिक समजतात म्हणून एक सांगतो. विसापूर लोहगडापेक्षा उंच आहे. 1818 ला इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, मग लोहगड लढवण्यात अर्थच उरला नाही. दोन्ही गडांमधल्या गायमुख खिंडीत उभं राहून दोन्हीकडे बघितलं की पुस्तक न वाचता कळतं. त्यासाठी खिंडीत चालत पोचायला हवं, गाडीच्या काचेतून मान तेवढी वर होत नाही.

भिजलेला_बूट

@तट_बुरूज बेडकाचं काय झालं ते नाही विचारलंत.

तट_बुरूज

काय झालं?

भिजलेला_बूट

तो गडावरच राहिला. शहाणा होता.

नवखा_24

तिकोन्याला कसं जायचं एसटीने? आणि ढाक बहिरी एका दिवसात होतो का? आम्ही चौघे, पहिलाच ट्रेक.

रात्रपाळी

तिकोना: कामशेत, पवनानगर, तिकोनापेठ. पवनानगरपुढे वाहनं कमी, चालायची तयारी ठेव. वाटेत चपेटदान मारुती आहे, नमस्कार करून पुढे जा, शेवटच्या पायऱ्या अंगावर येतात. वरून पवनेचं पाणी आणि समोर तुंग. परतीची शेवटची एसटी कंडक्टरला उतरतानाच विचार. मोबाइलवरच्या वेळेवर विसंबू नको. आम्ही विसंबलो आणि रात्री पवनानगरात एका दुकानाच्या ओट्यावर झोपलो. दुकानवाल्या मावशींनी न विचारता पिठलं दिलं, ती वेगळी गोष्ट.

ढाक: नाही. पहिल्या ट्रेकला अजिबात नाही. शेवटचा टप्पा कातळात आहे, दोर आणि माहीतगार माणूस नसेल तर पायथ्याच्या जांभिवलीतूनच कोंडेश्वराचं दर्शन घेऊन परत यायचं. पावसाळ्यात तर विषयच नको.

नवखा_24

ओके दादा. तिकोना फायनल. गाण्याच्या भेंड्या चालतील का लोकलमध्ये?

कान्हे_फाट्याजवळचा

कामशेतनंतर. एसटीत.

मूळची_लोणावळ्याची

आमच्या घराच्या गॅलरीतून सकाळी सहाला सॅकवाले जाताना दिसायचे आणि संध्याकाळी सहाला तेच लंगडत परत. आई त्यांना बघून मला म्हणायची, "बघ, पैसे न घेता लोक किती कष्ट करतात, आणि तुला अंगण झाडायला होत नाही." ट्रेकिंगबद्दल माझ्या मनात अढी बसली ती बसलीच.

चिक्की कुणी स्टेशनासमोरून घेऊ नका, बाजारात आत जा.

डब्यातली_चटणी

आत म्हणजे कुठे? नाव सांगा ना.

मूळची_लोणावळ्याची

नाव सांगितलं की तिथेही रांग लागेल.

गायमुख

वाचतोय सगळं, ऑफिसात. लेकाला दाखवलं. त्याला बेडूक आवडला, 1818 वगैरे त्याने स्क्रोल केलं.

काकाला फोन केला आत्ता. पंच्याऐंशी वर्षांचा आहे. म्हटलं, या रविवारी मळवलीला येतोस का, नुसतं स्टेशनवर बसू. म्हणाला, पत्ते तू आण, मागच्या वेळी माझे भिजले.

सुमन_काकू

मागच्या वेळी म्हणजे 1993??

गायमुख

हो. अजून ऐकवतो.

डब्यातली_चटणी

लाडू मी देते. तूप जास्त घालून.