प्रतिसाद: पावतीवरची एक्सपायरी डेटही बेकायदाच

वर एकांनी लिहिलंय की क्रेडिट-डेबिट कार्डाचे शेवटचे चार आकडेच छापले असतील तर पावतीवर कार्डाची एक्सपायरी डेट असली तरी चालते. अमेरिकेत तरी तसं नाही. 2003 च्या 'फॅक्टा' (फेअर अँड अॅक्युरेट क्रेडिट ट्रान्झॅक्शन्स अॅक्ट) कायद्यानुसार ग्राहकाला दिलेल्या, मशीनवर छापलेल्या पावतीवर शेवटच्या पाचपेक्षा जास्त आकडे नकोत आणि एक्सपायरी डेट तर अजिबात नको. डिसेंबर 2006 पासून हे जुन्या-नव्या सगळ्या मशीनना लागू आहे.

पण पळवाटा बघा. हा नियम फक्त ग्राहकाच्या प्रतीला आहे, दुकानदाराकडे राहणाऱ्या प्रतीला नाही. हाताने लिहिलेली किंवा कार्डाचा ठसा घेतलेली पावतीही यात येत नाही.

दुकानदाराने जाणूनबुजून नियम मोडला असेल तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही 100 ते 1000 डॉलर भरपाई मागता येते, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात 2020 मध्ये अटलांटाच्या फेडरल अपील कोर्टाने गोडायव्हा चॉकलेटच्या खटल्यात, पावतीवर पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे छापलेले असूनही, ठोस हानी दिसत नाही म्हणून दावा उभाच राहू दिला नाही. मला हा निकाल मनापासून खटकतो. चोरी झाल्यावर ती याच पावतीमुळे झाली, हे सामान्य माणूस सिद्ध कसं करणार?

माझ्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर तारीख छापून यायची. मॅनेजरला पावती दाखवली, आठवड्याभरात मशीनची सेटिंग बदलली. तुमच्या पावतीवर अशी तारीख आली असेल तर ती पावती मात्र फाडू नका, तोच पुरावा आहे.