नाव .३८, माप ०.३५७: रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा व्यास

मायक्रॉन_चिंचवड

नमस्कार. अमेरिकेतील माझा मामेभाऊ आपल्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची काडतुसे तेथील कायद्यानुसार घरीच भरतो. त्याच्याकडील तांब्याचे वेष्टन असलेल्या गोळ्यांच्या खोक्यावर ०.३५७ इंच, तर शिशाच्या गोळ्यांच्या खोक्यावर ०.३५८ इंच असे छापलेले आहे. कारखान्यात माझा दिवस मायक्रोमीटर हाताळण्यातच जातो, त्यामुळे एक हजारांश इंच, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, हा फरक मला क्षुल्लक वाटत नाही. नाव आणि माप यांचा मेळ का बसत नाही, आणि शिशाची गोळी मुद्दाम जाड का ठेवतात?

जुनी_पुंगळी

एकोणिसाव्या शतकातील .३८ कोल्ट काडतुसांत गोळी बाहेरून जवळजवळ पुंगळीइतकीच (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याइतकीच) जाड असे आणि केवळ तिची बारीक केलेली टाच पुंगळीत बसे, सुमारे ०.३७५ इंचांच्या त्या गोळीला .३८ म्हणणे रास्तच होते. गोळीवर लावलेल्या उघड्या वंगणाला धूळ चिकटत असल्यामुळे पुढे वंगणाचा भाग पुंगळीच्या आत घेतला गेला, त्याबरोबर गोळी बारीक झाली, आणि नाव मात्र तेच राहिले. .२२ लाँग रायफलची गोळी अजूनही टाचेची आहे. बालेवाडीला सराव करणाऱ्यांच्या ती रोजच हातात असते. भावाला एवढे अवश्य सांगावे की .३८ स्मिथ अँड वेसन हे निराळेच काडतूस असून त्याची गोळी ०.३६१ इंचांची असते.

खडकीकर

विषयाला धरूनच एक सूचना: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा पुण्यातील वाचकांनी ही चर्चा माहितीपुरतीच घ्यावी.

पाच_खाचा

प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. रिव्हॉल्व्हरची गोळी आधी सिलिंडरच्या कप्प्याच्या तोंडातून जाते आणि मगच नळीत शिरते, त्यामुळे एकट्या नळीचे माप घेऊन भागत नाही. शिशाची गोळी नळीपेक्षा बारीक असली, तर तप्त वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे वितळवतो आणि ते नळीत चिकटते. म्हणून ती नळीच्या आतील पीळदार खाचांच्या व्यासापेक्षा सुमारे एक हजारांश इंच जाड ठेवतात. वेष्टन असलेली गोळी अशी वितळत नाही, म्हणून तिला ही जादा जाडी लागत नाही. मात्र कप्प्याचे तोंडच नळीपेक्षा अरुंद असेल, तर जाड गोळी घेणे व्यर्थ आहे, कारण ती नळीपर्यंत पोहोचण्याआधीच तेथे दबून बारीक होते. अशा वेळी जाणत्या कारागिराकडून सर्व तोंडे रीमरने (भोक अचूक मापाला रुंद करणाऱ्या हत्याराने) सारखी करून घेणे हाच उपाय. मऊ शिसे नळीतून पार करून माप घ्यायचे असेल, तर आपल्या व्यवसायातील एक अडचण आधीच सांगतो: स्मिथ अँड वेसनच्या नळीत बहुधा पाच खाचा असतात, खाचेच्या बरोबर समोर दोन खाचांमधला उंचवटा येतो, आणि साधा मायक्रोमीटर व्यास कमी दाखवतो. त्यासाठी व्ही-ॲन्व्हिल (व्ही आकाराच्या टेकूचा) मायक्रोमीटर वापरावा.