कटी सार्क १:९६ : शिडं नसतील तर यार्ड कुठल्या उंचीवर ठेवायची? आणि टॉपगॅलंट वाकू नये म्हणून काय करायचं?

रिकामी_गोदी

कटी सार्क या शिडाच्या जहाजाचं मॉडेल, १:९६, लाकडी पट्ट्यांचं हल (जहाजाचं अंग). डेकवरचं सामान बसवून झालंय, आता डोलकाठ्या आणि यार्ड (शिडं बांधायच्या आडव्या काठ्या). किटमधल्या गोल काड्यांपैकी निम्म्या तरी काचेवर फिरवल्या की डुगडुगतात. नकाशात सगळी यार्ड पूर्ण वर चढवलेली आहेत, पण मला शिडं लावायची नाहीत, नुसतं रिगिंग (दोरकाम) हवंय. मग यार्ड तशीच वर ठेवायची का? यार्डला टोकाकडे निमुळतेपणा किती द्यायचा, हे किटच्या पुस्तिकेत कुठेच नाही. आणि ट्रायल म्हणून फोर टॉपगॅलंटचा (पुढच्या डोलकाठीच्या वरच्या तुकड्याचा) बॅकस्टे, म्हणजे मागून धरणारा दोर, ताणला तर अख्खी काठी मागे झुकली. दोरा सुती आहे, राहायला रत्नागिरीत.

तांडेल

आधी यार्डच्या उंचीचं बोलतो, कारण शिडांशिवायची मॉडेल सगळ्यात जास्त तिथेच चुकतात.

फोर (पुढची डोलकाठी) आणि मिझन (मागची) यांवर पाच-पाच यार्ड, खालून वर लोअर, लोअर टॉपसेल, अप्पर टॉपसेल, टॉपगॅलंट, रॉयल; मेनवर (मधली) सगळ्यात वरचं स्कायसेल धरून सहा, अशी एकूण १६. प्रत्येक डोलकाठीवरची खालची दोन, म्हणजे लोअर यार्ड आणि लोअर टॉपसेल यार्ड, एकाच उंचीवर पक्की असतात. ती फिरतात, पण वरखाली होत नाहीत. उरलेली दहा हॅलियार्डने (यार्ड वर ओढायच्या दोराने) चढवायची. शीड उघडं असतं तेव्हाच ती वर. शीड गुंडाळलं किंवा काढून ठेवलं की यार्ड खाली येतं. त्यामुळे शिडं नसताना अप्पर टॉपसेलचं यार्ड लोअर मास्टच्या (डोलकाठीच्या खालच्या तुकड्याच्या) कॅपच्या, म्हणजे माथ्यावरच्या जोडाच्या, जरा वर, लोअर टॉपसेलच्या यार्डजवळ येऊन बसतं. टॉपगॅलंटचं टॉपमास्टच्या (मधल्या तुकड्याच्या) कॅपच्या जरा वर. रॉयल आणि स्कायसेल आपापल्या खालच्या रिगिंगच्या गळ्याशी. लांबून पाहिलं तर प्रत्येक डोलकाठीवर दोन टॉपसेल यार्डांची जोडी आणि तिच्या वर मोठी मोकळी जागा, असं दिसायला हवं. सगळी यार्ड सारख्या अंतरावर शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसली की समजावं, नकाशा डोळे मिटून उतरवलाय.

यार्ड खाली आणलं की त्याच्याबरोबर दोन गोष्टी बदलतात आणि त्याच राहून जातात. एक म्हणजे लिफ्ट, यार्डची टोकं वरून धरणारे दोर. वरच्या यार्डांच्या लिफ्ट ठरावीक लांबीच्या असतात, यार्ड खाली आलं की त्याचं वजन त्यांच्यावर येतं. म्हणून तुमच्या मॉडेलवर त्या ताठ हव्यात. यार्ड वर असतं तर त्याच लिफ्ट सैल लोंबकळत्या दाखवाव्या लागल्या असत्या. वर चढवलेलं यार्ड आणि ताठ लिफ्ट असं दोन्ही एकत्र होऊच शकत नाही. दुसरं हॅलियार्ड. यार्डपासून निघालेली साखळी डोलकाठीतल्या चाकावरून मागे उतरते आणि तिच्या टोकाला ब्लॉक (कप्पी) असतो. यार्ड खाली म्हणजे तो ब्लॉक वर, चाकाच्या जवळ. नकाशात तो खाली दाखवलाय, कारण तिथे यार्ड वर आहे.

शीट आणि क्लूलाइन (शिडाचे खालचे कोपरे ताणायचे आणि वर ओढायचे दोर) यांची टोकं एकमेकांना जोडून घ्या. बंटलाइन (शीड वर गोळा करायचे दोर) सरळ गाळा, शिडांशिवाय त्या नुसती गर्दी करतात.

नकाशा कुठल्या काळाचा आहे तेही बघा. जहाज १८६९ चं. १८८० मध्ये लोअर मास्ट आणि मोठी यार्ड कापून आखूड केली. मूळ मेन यार्ड ७८ फूट, म्हणजे १:९६ ला २४७.६ मिमी. तुमच्या नकाशावर ते बरंच आखूड भरलं, तर तो नंतरच्या मांडणीचा नकाशा आहे. मग वरची मापं दुसऱ्या नकाशातून घेऊन भेसळ करू नका.

रंधा_आणि_कानस

काड्यांबद्दल. बाजारच्या गोल काड्या मशीनमधून काढलेल्या असतात. लाकडाच्या रेषा तिरप्या असल्या तरी मशीन त्या सरळच कापतं, म्हणून हवा बदलली की त्या वाकतात. वाफ देऊन सरळ केल्या तरी चार महिन्यांत परत तिथेच. त्यापेक्षा सरळ रेषेचं लाकूड चिरून चौकोनी पट्टी काढा. सागवान नको, त्याची छिद्रं या मापाला खड्ड्यांसारखी दिसतात. हेदू मिळाला तर उत्तम, बारीक रेषेचा आणि धार धरणारा. रॉयल आणि स्कायसेलच्या यार्डांसाठी बांबू. मध्यावर जेमतेम दोन मिमीची ही यार्ड लाकडात केली की भोक पाडताना फुटतात, बांबू फुटत नाही. कबाबच्या सीखा चालतात. अगदी बारीक बूमसाठी मसाला न लावलेली उदबत्तीची काडीसुद्धा.

यार्डची मधली जाडी लांबीच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. मेन यार्ड म्हणजे ५ मिमी. निमुळतेपणासाठी जुनं प्रमाण असं: मध्यापासून टोकापर्यंतच्या अर्ध्या लांबीचे चार सारखे भाग करायचे. मधली जाडी १ धरली तर पहिल्या खुणेवर ३०/३१, दुसरीवर ७/८, तिसरीवर ७/१०, टोकाला ३/७. मेन यार्डला दर ३१ मिमीवर खूण येते आणि जाडी ५, ४.८, ४.४, ३.५, २.१ अशी उतरते. म्हणजे पहिला चतुर्थांश जवळजवळ सरळ, उतार सगळा बाहेरच्या अर्ध्यात. मध्यापासून सरळ पेन्सिलीसारखं निमुळतं केलेलं यार्ड खोटं दिसतं ते यामुळे.

क्रम मात्र पाळा. चौकोनी असतानाच चारही बाजूंनी निमुळतं करायचं, मग अष्टकोनी, मग सोळा कोनी, मग गोल. अष्टकोनासाठी प्रत्येक बाजू ७:१०:७ अशी आखायची, ५ मिमीला १.४५, २.१, १.४५. कोपरे छोट्या रंध्याने काढून नंतर १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर. ड्रिलमध्ये लावून घासायचं असेल तर यार्ड चकच्या आत जाईल तितकं घालून कमीत कमी बाहेर ठेवा, नाहीतर लांब टोक चाबकासारखं फिरून मोडतं. पेपर एका जागी धरू नका, गळा पडतो.

कटी सार्कचे लोअर मास्ट लोखंडी होते, हे विसरून लोक त्यांवर दोरीचे वेढे आणि लाकडी पट्टे घालतात. ते जुन्या जोडकाठ्यांचं काम. इथे गुळगुळीत नळी हवी. पितळी नळी वापरलीत तर आणखी चांगलं, पुढचा वाकण्याचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

वेटोळं

टॉपगॅलंट वाकली त्यात काठीचा दोष कमी, क्रमाचा जास्त. तिन्ही डोलकाठ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. मेनचे पुढचे स्टे (काठीला पुढून धरणारे दोर) फोरमास्टवर येतात, मिझनचे मेनवर. नुसता बॅकस्टे ताणला तर समोरून धरणारं काहीच नाही, काठी मागे जाणारच. सुरुवात बाउस्प्रिटच्या (जहाजाच्या नाकावरून पुढे जाणाऱ्या काठीच्या) खालून करा. तिला खालून धरणारे बॉबस्टे आणि मार्टिंगेल आधी पक्के, नाहीतर फोरचे स्टे ताणताना जिबबूम (बाउस्प्रिटचा पुढचा तुकडा) वर उचलली जाते. मग लोअर श्राउड (काठीला बाजूंनी धरणारे दोर): उजवी पुढची जोडी, डावी पुढची जोडी, असं आलटून पालटून मागे जायचं, म्हणजे काठी एका बाजूला खेचली जात नाही. स्टेचा फास श्राउडच्या फासांवर बसतो, म्हणून श्राउड आधी. टॉपमास्ट, टॉपगॅलंट याच क्रमाने वर. वरचे स्टे आणि बॅकस्टे सगळे आधी सरफाशाने बांधून ठेवा आणि शेवटची गाठ पुढून मागे मारत या. काठी सरळ राहील इतकाच ताण. गिटारीसारखी तार वाजायला लागली की जास्त झाला.

रत्नागिरीत सुती दोरा नको. पावसाळ्यात धागा फुगतो आणि पीळ असलेला दोरा आखूड होतो, उन्हाळ्यात पुन्हा सैल. जानेवारीत नीट ताणलेली टॉपगॅलंट जुलैत वाकलेली सापडेल. पॉलिएस्टरचा पीळदार दोरा घ्या. नायलॉन नको, तो ताणला जातो.

जाडीत एक ठरलेली चूक होते. नकाशावर दोराचं माप घेरात दिलेलं असतं, व्यासात नाही. ४ इंची श्राउड म्हणजे व्यास ३२ मिमी, १:९६ ला ०.३४ मिमी. ३ इंची दोर ०.२५, २ इंची ०.१७. या जहाजाचे श्राउड तारेचे आहेत, म्हणून ते आधीच्या तागाच्या दोरांपेक्षा बारीकच दिसायला हवेत. काळे तेवढे स्टँडिंग रिगिंगचे (काठ्या धरणारे कायम बांधलेले दोर), धावते दोर फिकट तपकिरी.

रॅटलाइन (श्राउडवर चढायच्या दोरीच्या पायऱ्या) १५ इंचांवर धरल्या तर ४ मिमी. मागे आलेखाचा कागद लावा. मधल्या श्राउडवर क्लोव्ह हिच, कडेच्या दोन्हींवर साधा वेढा चालतो. गाठ ओढून घट्ट करू नका, श्राउड मध्ये खेचले जाऊन डमरू होतो. गाठींना अर्धं पाणी घातलेला फेव्हिकॉल. सायनो (सुपरग्लू) नको, दोरा काचेसारखा होतो आणि वर पांढरा डाग पडतो.

रिकामी_गोदी

फारच उपयोगी, तिघांचेही आभार. अजून एक. यार्ड डोलकाठीला आधी लावून मग ब्लॉक आणि फूटरोप (यार्डखालचा, खलाशांनी पाय ठेवायचा दोर) बांधू की आधीच?

रंधा_आणि_कानस

सगळं आधीच, यार्ड व्हाइसमध्ये असताना. स्टनसेल बूमच्या (यार्डच्या टोकाशी जोडशिडासाठी लावायच्या काठ्यांच्या) कड्या पहिल्यांदा. त्यानंतर जॅकस्टे (यार्डवरची शीड बांधायची सळई): ०.२ मिमी तारेचे पीळ दिलेले डोळे, ०.४ मिमीची भोकं, साधारण ८ ते १० मिमीवर एक, त्यांतून ०.३ मिमी तांब्याची तार. भोकं पाडण्याआधी यार्डवर मास्किंग टेपची पट्टी चिकटवून तिच्यावर रेघ मारा, नाहीतर ओळ पिळत जाते. शेवटी ब्लॉक, लिफ्ट, फूटरोप. फूटरोप यार्डखाली १० मिमीच्या आसपास लोंबावा. दोरा हलका म्हणून तो आपोआप लोंबत नाही, ओल्या फेव्हिकॉलमध्ये आकार देऊन वाळवावा लागतो.

मध्यावर मागून ०.५ मिमी पितळी पिन, ३ मिमी बाहेर, डोलकाठीत तिच्यासाठी भोक. ट्रस (यार्ड डोलकाठीला जोडणारा भाग) दिसायला, वजन पिनवर.

तांडेल

त्याला जोडून ब्रेसचं, म्हणजे यार्ड फिरवायच्या दोरांचं. ब्रेस सर्वांत शेवटी, कारण ते सगळ्यात बाहेरून जातात आणि हात आत जायची वाट बंद करतात. मिझनचे ब्रेस पुढे मेनमास्टकडे जातात, मागे नाही. तिथे ओढायला मागे डेक उरतच नाही. डावा-उजवा एकाच वेळी ताणा, दोन्ही टोकांना चिमटे लटकवून. बिलेइंग पिनभोवती (दोर अडकवायच्या खुंटीभोवती) गाठ मारत बसू नका. दोर पिनखालून एकदा नेऊन चिकटवा, कापा आणि वेटोळं वेगळं करून वर टांगा. डेकच्या मधल्या पिना आधी, कठड्याच्या नंतर. उलट केलंत तर मेनमास्टच्या बुंध्याशी चिमटा पोचणार नाही.