भुजच्या भूकंपानंतरची छायाचित्रे: त्याच जागांवरून पुन्हा कशी घ्यावीत?

अनुराधा_पुणे:
नमस्कार. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर माझे वडील मदतकार्यासाठी भुजला गेले आणि पुढेही कामानिमित्त तेथे जात राहिले. त्या काळातील त्यांच्या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. ढासळलेली घरे, दरबारगढाचा (जुन्या राजवाड्याचा) परिसर, हमीरसर तलावाजवळच्या राजघराण्याच्या स्मारक-छत्र्या आणि नंतरची पत्र्याची तात्पुरती घरे त्यांत दिसतात. येत्या हिवाळ्यात त्याच जागांवरून पुन्हा छायाचित्रे घेण्याचा विचार आहे. परंतु पुनर्बांधणीच्या वेळी नगररचना योजनांखाली जुन्या शहरातले रस्ते रुंद झाल्याने अनेक गल्ल्या पूर्वीसारख्या उरलेल्या नाहीत. अशा ठिकाणी कॅमेऱ्याची जागा कशी ठरवावी, आणि कोणती चित्रे निवडावीत?

जुनाकॅमेरा:
जागा शोधताना भिंगाची फार चिंता करू नका. जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या कोणत्या भागाला झाकते, हे केवळ कॅमेरा कोठे आहे यावर ठरते. भिंग बदलल्याने चौकट लहानमोठी होते, ती मांडणी बदलत नाही. त्यामुळे ज्या चित्रांत प्राग महालाचा मनोरा किंवा भुजियो डुंगर या टेकडीची कड मागे दिसते, ती आधी वेगळी काढा. मनोऱ्यालाही भूकंपात हानी पोहोचली होती आणि पुढे त्याची दुरुस्ती झाली, म्हणून माथ्यापेक्षा खालच्या कोपऱ्यांच्या उभ्या रेषा धरणे बरे. निगेटिव्हच्या कडेवरचे क्रमांकही पाहा. त्यांवरून वडील कोणत्या क्रमाने चालत गेले हे कळते आणि दोन ओळखीच्या जागांमधली अनोळखी जागा बऱ्याचदा सापडते. जेथे मूळ जागेवर आता कोणाची खोली उभी आहे, तेथे जवळच्या रस्त्यावरून चित्र घ्या आणि ‘जागा अंदाजे’ असे स्पष्ट लिहा. संगणकावर चित्र ताणून जुन्याशी जुळवण्याचा मोह मात्र टाळावा.

संरचना_अभियंता:
निवडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ढिगाऱ्यांची विस्तृत दृश्ये सर्वांकडेच असतात. त्यांपेक्षा भिंतीचा छेद उघडा पडलेले एखादे जवळचे चित्र अधिक मोलाचे ठरते. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांशी बांधलेले नसले, की हादऱ्यांत ते सुटतात आणि वरचा मजला खाली येतो. १९९३ मध्ये किल्लारीतही अशाच जाड दगडी भिंतींनी घात केला होता. त्याच गल्लीत एखादे घर उभे राहिले असेल, तर ते चित्र मुळीच वगळू नका, कारण शेजारची दोन घरे वेगळी का वागली याचा पुरावा तेथेच असतो.

दुसरे असे, की पडलेली इमारत आणि नंतर पाडलेली इमारत यांत फरक करावा लागतो. ढिगारे उपसल्यानंतरचा मोकळा भूखंड पाहून ‘भूकंपाने जमीनदोस्त’ असे लिहिले जाते, ते प्रत्येक वेळी खरे नसते. त्यामुळे दिवस ठाऊक नसला तरी महिना ठरवण्याचा प्रयत्न करा. जमल्यास नव्या सरकारी रुग्णालयाचीही परवानगी काढा. जुने रुग्णालय कोसळल्यावर उभारलेली ही इमारत भूकंपाचा धक्का कमी पोहोचावा म्हणून शिसे व रबराच्या आधारकांवर ठेवलेली आहे. बाहेरून मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

मुलुंडचा_कच्छी:
आमचे जुने घर भीड नाक्याच्या बाजूला होते, म्हणून दोन गोष्टी सांगतो. केवळ जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतच फिरलात तर रिकामे भूखंड पाहून शहर सावरलेच नाही असे वाटेल. पुष्कळ कुटुंबे रावलवाडी, मुंद्रा, आरटीओ आणि जीआयडीसी या नव्या वसाहतींत गेली. त्या वसाहतींच्या सुरुवातीच्या काळाची चित्रे निगेटिव्हमध्ये असतील, तर तीच मला सर्वांत दुर्मीळ वाटतील. पत्र्याची घरे आणि नुसते आखलेले भूखंड कोण कशाला टिपणार! स्वामिनारायण मंदिराबाबत तर विशेष सावध राहा. २०१० मध्ये खुले झालेले संगमरवरी मंदिर वेगळ्या जागी आहे, त्यामुळे जुन्या मंदिराच्या चित्राशेजारी ते ‘आधी व नंतर’ म्हणून लावू नये.

अनुराधा_पुणे:
मनःपूर्वक आभार. मुंद्रा वसाहतीची काही चित्रे असावीत असे वाटते, ती प्रथम शोधते. काही चौकटींत शोकाकुल माणसांचे चेहरे आणि झाकलेले मृतदेह आहेत. त्यांचे काय करावे?

मुलुंडचा_कच्छी:
ती नष्ट करू नका, परंतु जालावरही टाकू नका. भुज लहान शहर आहे, ताई. चेहरा तर सोडाच, दारावरची चौकट पाहूनही लोक घर ओळखतात. एखादे कुटुंब भेटले, तर आधी त्यांना दाखवा आणि त्यांची इच्छा लिहून ठेवा.

जुनाकॅमेरा:
अशा चौकटी स्कॅन करून वेगळ्या संचात ठेवा, मात्र निगेटिव्हची पट्टी कापू नका, नाहीतर क्रम तुटेल. मूळ स्कॅनवर रंगांची दुरुस्ती करू नये. ती प्रतीवर करावी. तसेच वडिलांनी पाकिटांवर जे लिहिले असेल, ते चुकीचे वाटले तरी जसेच्या तसे उतरवून घ्या आणि आपली दुरुस्ती शेजारी, तारखेसह, वेगळी नोंदवा.