आधी रॅमची जोडी लावा, ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू

रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरवर १६ जीबीची एकच रॅम असेल तर गेम अडखळणारच. त्यातल्या अंगभूत वेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. म्हणून ८ जीबीच्या दोन घ्या. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू करा. हे हमखास राहून जातं आणि रॅम २१३३ किंवा २६६६ वरच रखडते.

लॅपटॉपवाल्यांनीही हे तपासाच: इंटेलच्या अकराव्या पिढीत एकाच चॅनलवर, म्हणजे एकच रॅम असताना, आयरिस एक्सई हे अंगभूत ग्राफिक्स नुसतं यूएचडी (इंटेलचं साधं ग्राफिक्स) म्हणून चालतं.