मदत हवी आहे: लॅटिनो विद्यार्थ्यांना ‘ओळखी वाढवा’ हे कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनला अकाउंटिंगमध्ये नोकरी करतो. इथल्या एका सरकारी विद्यापीठातल्या बिझनेसच्या चार मुलांना मेंटॉर म्हणून दर पंधरा दिवसांनी भेटतो. चौघंही मेक्सिकन, होन्डुरन घरांतली. घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. अभ्यासात पक्की. अडतं ते दुसरीकडे.

मोठ्या ऑडिट फर्म इंटर्नशिपची भरती फार आधी करतात. दुसऱ्या वर्षातच हालचाल करावी लागते आणि बरंच काही ठरतं ते संध्याकाळच्या गाठीभेटींत. नेमकी तेव्हाच एकीची दुकानात शिफ्ट, दुसरा वडिलांच्या टाको ट्रकवर. तेही समजू शकतो. पण वेळ असूनही जात नाहीत! कारण विचारलं तर एक जण म्हणाला, “ते पालांका झालं ना.” पालांका म्हणजे तरफ. वशिल्याला त्यांच्याकडे हाच शब्द. मी गप्प झालो. लातूरहून पुण्याला आलो तेव्हा ‘ओळखीने लागलेल्यां’बद्दल हॉस्टेलवर आम्ही काय काय बोलायचो! (पुढे माझी पहिली नोकरी मामाच्या मित्रामुळेच लागली, ते सोडा.)

१९७२ साली लॉस एंजेलिसच्या लॅटिनो सीपीएंनी (म्हणजे इथल्या सीएंनी) सुरू केलेल्या ‘अल्फा’ संघटनेच्या विद्यार्थी शाखेत त्यांना घालायचा विचार आहे. १ जानेवारी २०२४ पासून टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालयं (अशा मुलांना आधार देणारी) कायद्याने बंद झाली, पण विद्यार्थी संघटना त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे आता आधार त्यांचाच. पण ‘अल्फा’चं अधिवेशन परगावी असतं. एकीची आई म्हणते, मुलगी एकटी मुक्कामाला जाणार नाही. ओळखीचं वाटतंय ना?

कुणी असं काम केलंय का? वशिला आणि ओळख यातला फरक कसा सांगितलात? आई-वडिलांशी कोण बोललं?

प्रतिसाद १

डॅलसला तीन वर्षं हेच करतेय. फरक सांगत बसू नका, काम द्या. कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर बसवा. येणाऱ्या प्रत्येकाशी बोलावंच लागतं आणि ‘मी काहीतरी मागायला आलोय’ ही भावना उरत नाही. आईशी तुम्ही बोलू नका. शाखेतल्या सीनियर मुलीला घरी न्या, स्पॅनिशमध्ये बोलू दे. आणि विचारा, बँकेत, टॅक्सवाल्याकडे घरच्यांसाठी दुभाष्या कोण? बहुतेक हीच मुलं, दहा-बारा वर्षांची असल्यापासून. रेझ्युमेत मात्र ते कुणीच लिहीत नाही.

धागाकर्ता

टाको ट्रकवाल्याला आत्ताच मेसेज केला. म्हणतो, ट्रकचा सेल्स टॅक्स नववीपासून तोच भरतोय. इतक्या महिन्यांत मला बोलला नव्हता! तुमच्या शाखेतली कुणी मुलगी ह्यूस्टनला येणार असेल तर कळवाल का?